फ्रेंच क्रियापदांचे सिलॅबल: लिहिताना दोन, बोलताना एक, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या ए-टू पातळीची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: ‘पार्ले’, म्हणजे बोलणे, हे क्रियापद ‘ते’ या कर्त्याबरोबर चालवलं की पुस्तकातल्या तक्त्यात त्याचे ‘पी-ए-आर’ आणि ‘एल-ई-एन-टी’ असे दोन तुकडे दिसतात, पण ऑडिओत एकच तुकडा ऐकू येतो. मग सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, एक की दोन? आणि ‘आश्ते’, म्हणजे विकत घेणे, या क्रियापदाच्या काही रूपांत ‘ई’वर आक्साँ ग्राव्ह (आपल्या मात्रेसारखी उतरती तिरकी रेघ) येतो, काहींत येत नाही, हे कसं लक्षात ठेवायचं?

हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण मला ते एकच वाटतात. पहिलं नीट कळलं की दुसऱ्याचं पाठांतर बरंचसं संपतं. मी बरीच वर्षं कॉलेजच्या आणि परीक्षा देणाऱ्या मुलांना फ्रेंच शिकवतेय. क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ असलेली मुलं तोंडी परीक्षेत अडखळतात ती बहुतेक याच जागी.

आधी लिहिण्याची सोय सांगते. फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. चंद्रबिंदू असेल तिथे स्वर नाकातून काढायचा. नुक्तावाला ‘ज़’ म्हणजे ‘झेड’चा उच्चार, आणि ‘झ’ म्हणजे इंग्रजी ‘मेझर’मधला. हलन्ताकडे मात्र नीट लक्ष द्या, तो मुद्दाम दिलाय.

तर, तक्ताही बरोबर आहे आणि ऑडिओही. फ्रेंचमध्ये शब्द तोडण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. एक कागदावरची. ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा, यासाठी ती लागते. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात जातं, दोन असतील तर एक इकडे आणि एक तिकडे. व्यंजनामागे ‘एल’ किंवा ‘आर’ येऊन ‘बीएल’, ‘टीआर’ अशी जोडी झाली तर ती सहसा फोडत नाहीत. ‘सीएच’ आणि ‘जीएन’ही फोडत नाहीत. या हिशेबात मुका ‘ई’सुद्धा स्वर म्हणून मोजला जातो, म्हणून तक्त्यात दोन तुकडे. दुसरी पद्धत तोंडातली. तिथे जितके स्वर ऐकू येतात तितकेच सिलॅबल. ‘पार्ल्’मध्ये ऐकू येणारा स्वर एकच, म्हणून सिलॅबलही एकच.

मराठी माणसाला हे अवघड जायचं खरं तर कारण नाही. ‘करतात’ हा शब्द लिहिताना आपण चार अक्षरं लिहितो आणि बोलताना ‘कर्-तात्’ असे दोनच सिलॅबल उच्चारतो. कोणी ‘क-र-ता-त’ असं सुटं म्हणायला लागलं तर आपल्या लगेच लक्षात येतं की हा मराठी वाचून शिकलाय, ऐकून नाही. ‘पार्लेंत’ म्हणणाऱ्याविषयी फ्रेंच माणसाला नेमकं हेच वाटतं.

आता कोणी विचारेल, जे बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला? जुनी मराठी पुस्तकं उघडून बघा: ‘मीं’, ‘केलें’, ‘घरांत’. यातली बरीच टिंबं प्रमाण बोलीत उच्चारली जात नव्हती, पण ती व्याकरणाची खूण होती. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण ही अनुच्चारित टिंबं काढून टाकली. फ्रेंचांनी आपली टिंबं ठेवली, इतकाच फरक. ‘ई-एन-टी’ हे शेपूट अनेकवचनाची खूण म्हणून डोळ्यांना दिसतं, कानाला नाही.

वर्तमानकाळातलं ‘पार्ले’ चालवून बघू. मी, तू, तो, ते या चारही कर्त्यांबरोबर उच्चार एकच: ‘पार्ल्’. स्पेलिंग तीन, उच्चार एक. आम्ही म्हटलं की ‘पार्-लोँ’, तुम्ही म्हटलं की ‘पार्-ले’. म्हणजे सहा रूपांच्या तक्त्यात कानाला तीनच रूपं आहेत: एक आखूड, दोन लांब. अपूर्ण भूतकाळात तर मी, तू, तो, ते या चारही रूपांचा शेवट नुसता ‘ए’ ऐकू येतो, स्पेलिंगमध्ये तीन अक्षरं असोत की पाच.

‘पार्ल्’मधला हलन्त इथे कामाला येतो. आपल्याकडे ‘धर्म’, ‘अर्थ’ अशा जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांच्या शेवटी हलका ‘अ’ राहतो, आणि तीच सवय ‘पार्ल’ला लागते. मुलं ‘पार्-ल’ असे दोन सिलॅबल म्हणतात आणि त्यांना ते जाणवतही नाही. जीभ ‘ल’वर टेकवा आणि तिथेच थांबा.

मात्र ‘ई-एन-टी’ सगळीकडे मुकं असतं असं समजू नका. ते मुकं असतं ते फक्त क्रियापदाच्या शेवटी, कर्ता ‘ते’ असताना. फ्रान्समध्ये शाळेत एक वाक्य ठरलेलं आहे: ‘ले पूल् द्यु कुवाँ कुव्’, म्हणजे मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. यातल्या शेवटच्या दोन शब्दांचं स्पेलिंग अगदी सारखं आहे. पहिला नाम, मठ, म्हणून ‘कु-वाँ’ असे दोन सिलॅबल. दुसरं क्रियापद, म्हणून नुसतं ‘कुव्’. तसंच अध्यक्ष या अर्थाचं नाम ‘प्रे-ज़ि-दाँ’, आणि ‘ते अध्यक्षस्थानी असतात’ यातलं क्रियापद ‘प्रे-ज़िद्’. म्हणून वाचताना आधी शब्दाची जात ओळखायची, मग तोंड उघडायचं. पाठ वाचायला घेण्यापूर्वी मी मुलांना पेन्सिल देते आणि क्रियापदांची मुकी शेपटं आधी खोडायला लावते. दिसायला बालिश आहे, पण याच्याइतका झटपट गुण येणारा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

खोडायचं काय? शेवटचा मुका ‘ई’, ‘ई-एस’, ‘ई-एन-टी’, आणि शेवटी उभे असलेले ‘एस’, ‘टी’, ‘डी’, ‘एक्स’. ठेवायचं काय? आम्ही आणि तुम्ही यांचे प्रत्यय, भविष्यकाळाचे प्रत्यय, आणि अपूर्ण भूतकाळातला ‘ए’. तीन रूपं मात्र वेगळी पाठ करा: तुम्ही आहात, तुम्ही करता, तुम्ही म्हणता. त्यांचे उच्चार ‘एत्’, ‘फेत्’, ‘दित्’. प्रत्येकी एकच सिलॅबल, शेवटी ‘त्’ स्पष्ट. यातल्या ‘करणे’ या क्रियापदाचं ‘आम्ही करतो’ हे रूप लिहिताना ‘ए-आय’ असतं, पण म्हणायचं ‘फ-ज़ोँ’, ‘फे-ज़ोँ’ नव्हे.

यापुढची गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तक्ते तीच सांगत नाहीत. फ्रेंच सिलॅबल शब्दाच्या सीमेला जुमानत नाही. क्रियापद एकटं तोडायचंच नाही, सर्वनामासकट तोडायचं. ‘त्याच्याकडे आहे’ हे लिहिताना दोन शब्द, पण म्हणताना ‘इ-ला’: सर्वनामातला ‘ल’ उडी मारून पुढच्या सिलॅबलमध्ये जातो. ‘आमच्याकडे आहे’ म्हणताना ‘नु-ज़ा-वोँ’. एरवी मुका असलेला ‘एस’ इथे ‘ज़’ होऊन पुढच्या स्वराला चिकटतो. ‘त्या पॅरिसला पोहोचतात’ हे वाक्य कानाला असं लागतं: ‘एल्-ज़ा-री-वा-पा-री’. ‘पोहोचतात’ आणि ‘ला’ हे दोन शब्द कुठे वेगळे झाले, हे नुसतं ऐकून सांगता येत नाही.

गंमत अशी की ‘ई-एन-टी’ने घालवलेलं अनेकवचन इथे परत मिळतं. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ दोन्ही ‘इल् पार्ल्’. संदर्भाशिवाय फरक कळणं अशक्य. पण क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर ‘तो प्रेम करतो’ म्हणजे ‘इ-लेम्’ आणि ‘ते प्रेम करतात’ म्हणजे ‘इल्-ज़ेम्’. सगळं अनेकवचन त्या एका ‘ज़’मध्ये आहे.

आणि तोच ‘ज़’ आपल्याला दगा देतो. मराठीत ‘जरा’, ‘जहाज’ यांतला ‘ज’ म्हणताना जीभ क्षणभर दातांमागे टेकते आणि ‘द्ज़’ असा काहीसा आवाज होतो. फ्रेंच ‘ज़’मध्ये जीभ टेकत नाही, ‘स’ म्हणतानाच गळ्यातून आवाज द्यायचा. हे साधलं नाही आणि तुम्ही घाबरून ‘स’कडे झुकलात, तर अर्थ पालटतो. ‘इल्-ज़ोँ’ म्हणजे त्यांच्याकडे आहे, ‘इल्-सोँ’ म्हणजे ते आहेत. ‘इल्-ज़ेम्’ म्हणजे ते प्रेम करतात, ‘इल्-सेम्’ म्हणजे त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. या दोन जोड्या रोज सकाळी आरशासमोर म्हणा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या, म्हणजे ‘पार्ले’सारखी न चालणाऱ्या, क्रियापदांत अनेकवचन आणखी एका रीतीने ऐकू येतं. ‘तो बाहेर जातो’ म्हणजे ‘सोर्’, ‘ते बाहेर जातात’ म्हणजे ‘सोर्त्’. एकवचनात लिहिलेला ‘टी’ मुका, कारण तो शेवटी आहे. अनेकवचनात त्याच्यामागे ‘ई-एन-टी’ आल्यामुळे तो उघडपणे बोलला जातो. ‘फिनि’ आणि ‘फिनिस्’, ‘दोर्’ आणि ‘दोर्म्’, ‘मे’ आणि ‘मेत्’, सगळ्यांची गोष्ट तीच. नाकातल्या स्वरांचंही तेच: ‘तो येतो’ म्हणजे ‘व्यँ’, ‘ते येतात’ म्हणजे ‘व्येन्’; ‘तो घेतो’ म्हणजे ‘प्राँ’, ‘ते घेतात’ म्हणजे ‘प्रेन्’. एकवचनात नाक, अनेकवचनात ‘न्’. म्हणजे ‘ई-एन-टी’ स्वतः गप्प राहतं, पण आपल्या अलीकडच्या व्यंजनाला बोलतं करतं.

नाकातल्या स्वरांबद्दल एक इशारा. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे रूप बदलतो. ‘अंत’मध्ये तो ‘न्’ असतो, ‘अंबा’मध्ये ‘म्’. म्हणून ‘पार्लोँ’च्या पुढे ‘द’ आला की मुलं नकळत ‘पार्लोन्द’ म्हणतात आणि मोकळा सिलॅबल बंद करून टाकतात. गोव्याची आणि मालवणकडची मुलं इथे पुढे असतात, कारण त्यांच्या बोलीत स्वर खरोखर नाकातून निघतो. ‘हांव’ म्हणताना जसं नाक वाजतं, तसंच हे. बाकीच्यांनी ‘पार्लोँ’ म्हणताना शेवटी जीभ टाळूला लागत नाही ना, हे तपासायचं.

इथवर दोन गोष्टी झाल्या: मुकं शेपूट खोडून मग मोजायचं, आणि सर्वनामासकट मोजायचं. आता त्या ‘आश्ते’च्या मात्रेकडे.

मोकळा सिलॅबल स्वराने संपतो, बंद सिलॅबल व्यंजनाने. ‘आम्ही विकत घेतो’ सावकाश म्हटलं तर ‘आ-श-तोँ’. मधला ‘श’ मोकळा आहे, त्यातला ‘ई’ अगदी दुबळा ‘अ’, आणि रोजच्या बोलण्यात तोही गळून ‘आश्-तोँ’ उरतं. जोर शेवटच्या ‘तोँ’वर. आता ‘मी विकत घेते’ म्हणा. प्रत्यय मुका झाला. शेवटचा ऐकू येणारा सिलॅबल आता धातूतलाच, आणि मागचा ‘त्’ येऊन तो बंद करतो. फ्रेंचमध्ये जोर नेहमी शेवटच्या सिलॅबलवर पडतो, आणि तो दुबळा ‘अ’ बंद सिलॅबलमध्ये असा जोर पेलू शकत नाही. त्याला पक्का, उघडा ‘ए’ व्हावं लागतं: ‘झा-शेत्’. आक्साँ ग्राव्ह हीच गोष्ट कागदावर नोंदवतो, बाकी काही नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. मी, तू, तो, ते या चार रूपांत प्रत्यय मुका, म्हणून मात्रा. आम्ही आणि तुम्ही या रूपांत प्रत्यय बोलका, म्हणून मात्रा नाही. ‘ल-वे’, म्हणजे उचलणे, याचं ‘लेव्’ होतं ते याच कारणाने. ‘प्रे-फे-रे’, म्हणजे जास्त पसंत करणे, यात मधल्या ‘ई’वर मुळात आक्साँ तेग्यू (चढती तिरकी रेघ) असतो, कारण तो सिलॅबल मोकळा आहे. ‘प्रे-फेर्’मध्ये तो बंद झाला की तेग्यूचा ग्राव्ह होतो.

आणि ‘आ-प्ले’ (हाक मारणे), ‘झ-ते’ (फेकणे)? तिथेही स्वर तसाच बदलतो, ‘आ-पेल्’, ‘झेत्’. फक्त लिहिताना मात्रेऐवजी ‘एल’ किंवा ‘टी’ दोनदा लिहितात. कोणत्या क्रियापदाला मात्रा आणि कोणाला दुहेरी अक्षर, यात जुन्या पद्धतीत तर्क शोधू नका. १९९०च्या स्पेलिंग सुधारणेने हा गोंधळ कमी केला: ‘आप्ले’, ‘झते’ आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं दुहेरी अक्षरासह राहिली, याच गटातल्या बाकीच्यांना मात्रा चालते. पुस्तकं अजून दोन्ही प्रकारची दिसतात. जे पुस्तक वापरताय त्याची पद्धत शेवटपर्यंत धरा.

पण दुहेरी अक्षर दिसलं म्हणून ‘आप्पेल्’ किंवा ‘फिनिस्स्’ म्हणू नका. फ्रेंचमध्ये अशी द्वित्त अक्षरं उच्चारात एकच असतात. अपवाद मोजके, आणि त्यातला एक क्रियापदातच आहे: ‘आम्ही धावतो’ म्हणजे ‘कु-रोँ’, आणि ‘आम्ही धावू’ म्हणजे ‘कुर्-रोँ’. इथे दोन्ही ‘र’ बोलायचे, नाहीतर काळच बदलतो. मरणे या क्रियापदाचंही तसंच.

भविष्यकाळात मधला मुका ‘ई’ कधी पडतो, कधी राहतो. ‘आम्ही प्रेम करू’ म्हणजे ‘नु-ज़ेम्-रोँ’, ‘ई’ पडला. पण ‘आम्ही बोलू’ म्हणजे ‘पार्-ल-रोँ’, ‘ई’ राहिला. तो पडला असता तर ‘र्-ल्-र्’ अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळली असती. मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाने याला तीन व्यंजनांचा नियम असं नाव दिलं. संकेतार्थात, म्हणजे ‘तसं असतं तर आम्ही प्रेम केलं असतं’ अशा सुरात, ‘ए-म-र्योँ’मध्येही तो राहतो, कारण मागे ‘र्य’ आहे. धातू स्वराने संपत असेल तर मात्र तो पूर्ण नाहीसा होतो: ‘मी खेळेन’ म्हणजे ‘झु-रे’, दोनच सिलॅबल. ‘झु-ए-रे’ असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मी वर दिलेले सिलॅबल प्रमाण, मध्यम वेगाच्या बोलण्यातले आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय किंवा तुलूझकडे, शेवटचा मुका ‘ई’ सर्रास ऐकू येतो आणि ‘पार्-ल’ असे दोन सिलॅबल होतात. तिकडचा मित्र किंवा व्हिडिओ ऐकून गोंधळू नका. पॅरिसमध्ये उलट: भरभर बोलताना ‘मी’चं सर्वनामही आपला स्वर गमावतं आणि ‘झ्पार्ल्’ एवढंच उरतं. ‘ई-एन-टी’तला ‘टी’ पुढच्या स्वराला जोडणं हे औपचारिक वाचनात ऐकू येतं, गप्पांत क्वचित. पण प्रश्न विचारताना कर्ता मागे गेला तर तो जोडावाच लागतो: ‘पार्ल्-तिल्’.

आणि पद्य. अभिजात फ्रेंच पद्यात बारा सिलॅबलची ओळ असते, तिला आलेक्साँद्रँ म्हणतात. तिथे व्यंजनापूर्वीचा मुका ‘ई’ मोजला जातो. ‘ते बोलतात’ हे ओळीच्या मध्ये आलं तर ‘पार्-ल’ असे दोन, ओळीच्या शेवटी आलं तर एकच. भुजंगप्रयातातही एका चरणात बाराच अक्षरं, आणि वृत्तात म्हणताना आपणही एरवी गिळलेला ‘अ’ पुरता म्हणतो. तेव्हा गाणी आणि कविता ऐकून उच्चार शिकत असाल तर हे ध्यानात ठेवा. तिथे ऐकलेला जास्तीचा सिलॅबल दुकानात नेऊ नका.

डेल्फच्या तोंडी परीक्षेपुरतं सांगायचं तर परीक्षक तुमच्याकडून पॅरिसची गती मागत नाहीत. ‘ज़’ची जोडणी झाली का, मुकी शेपटं गप्प राहिली का, ‘व्यँ’ आणि ‘व्येन्’ वेगळे ऐकू आले का, याकडे मात्र कान असतात. ‘आश्तोँ’ऐवजी सावकाश ‘आ-श-तोँ’ म्हटलंत तर काही बिघडत नाही. ‘पार्लेंत’ म्हटलंत तर समोरच्याला क्षणभर शब्दच कळत नाही. तयारीसाठी रोज पाच क्रियापदं घ्या, प्रत्येक सर्वनामासकट मोठ्याने चालवा आणि दर सिलॅबलला टेबलावर बोट आपटा. वर्तमानकाळातलं ‘आश्ते’ चालवताना बोट कितीदा पडतं ते आधी कागदावर लिहून ठेवा आणि मग म्हणून बघा: मी, दोनदा. तू, तीनदा. तो, तीनदा. आम्ही, तीनदा, सावकाश म्हटलं तर चारदा. तुम्ही, तेच. ते, तीनदा, आणि त्यांच्या सर्वनामाचा ‘ज़’ विसरायचा नाही. ‘मी’ला एक सिलॅबल कमी का पडला, हे तुमचं तुम्हाला सांगता आलं तर पुढचं क्रियापद घ्या.